फरशी पुसणारा रोबो: कुबट वास आणि पट्टे कसे गेले

रोबो फरशी पुसून गेला की घरभर कुबट वास यायचा, आणि उजेडात तिरकं बघितलं की लांबलचक पट्टे दिसायचे. मॉपचं कापड नवीन लावलं, फरक शून्य.

वासाचं मूळ डॉकमध्ये, म्हणजे रोबो परत येऊन उभा राहतो त्या स्टँडमध्ये निघालं. मॉप जिथे धुतला जातो त्या ट्रेमध्ये एक छोटी जाळी असते. ती उचलली तर खाली केसांचा गुंता आणि बोटाला बुळबुळीत लागणारा करडा थर. हा थर जिवाणूंचा; नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावाच लागतो. जुना टूथब्रश घेऊन कोपरे घासले, घाण पाण्याच्या टाकीची रबरी कडसुद्धा. त्या रबराच्या खाचेत काय काय होतं ते न सांगितलेलंच बरं! आता पुसणं संपलं की टाकी लगेच रिकामी करतो आणि झाकण उघडं ठेवून वाळू देतो.

पट्ट्यांचं कारण वेगळंच होतं. आधीच्या क्लीनरचा चिकट थर फरशीवर साचला होता, रोबो तो ओला करून पसरवत होता. मॉप मधे मधे धूत नुसत्या पाण्यावर चालवला, तेव्हा फरशी स्वच्छ झाली. मॉप धुताना फॅब्रिक कंडिशनर नको, त्याने कापड पाणी नीट शोषत नाही. स्वच्छ पाण्याच्या टाकीत फेसाळ लिक्विडही नको.

जाता जाता: रोबोच्या पोटाखालचे सेन्सर कोरड्या कापडाने पुसत जा. ते मळले की सपाट जमिनीवरही यंत्राला जिना दिसतो आणि ते उगाच मागे सरकतं.