तिबेटी स्वेटर-गाळा: उधारी, भाव आणि उरलेला माल

दिवाळी ते संक्रांत हा आपल्याकडचा स्वेटरचा हंगाम. कर्नाटकातल्या मुंडगोड, बायलाकुप्पे किंवा गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावच्या वस्तीतून शहरात गाळा टाकणाऱ्या तिबेटी कुटुंबाची वर्षाची बरीचशी कमाई याच दिवसांत होते. जमीन नावावर नाही म्हणजे बँकेला तारण नाही; भांडवल येतं ते लुधियान्याच्या घाऊक व्यापाऱ्याच्या उधारीतून.

म्हणून माल उचलतानाच परतीचं बोलून घ्या. किती नग परत घेणार, कोणत्या तारखेपर्यंत, परतीचं गाडीभाडं कुणाचं, हे बिलाच्या मागे लिहून सही घ्या. माल 50,000 रुपयांच्या वर असेल तर राज्य ओलांडताना ई-वे बिल, म्हणजे माल वाहतुकीचं ऑनलाइन कागदपत्र लागतं. ते व्यापाऱ्याकडूनच काढून घ्या, नाहीतर ऐन हंगामात गाडी अडकते.

तिबेटी निर्वासित म्हणून मिळालेल्या नोंदणी प्रमाणपत्राची, म्हणजे आरसीची मुदत हंगामात संपत असेल तर निघण्याआधीच नूतनीकरण करा. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणात व्यापार परवाने देण्याची तरतूद आहे. पालिकेत जाताना त्याची प्रत सोबत असू द्या.

आता हिशेब. समजा गाळाभाडं 60,000, दोघांचं राहणं-जेवण 40,000, वाहतूक 20,000, एकूण 1,20,000. साडेचारशेचा नग साडेसहाशेला गेला तर 200 सुटतात, म्हणजे नुसता खर्च निघायला 600 नग, 70 दिवसांत रोज 9. घासाघिशीत 50 सोडले की तेच 800 नग होतात, रोज 11-12. त्यामुळे प्रत्येक नगाचा तळभाव वहीत लिहून ठेवा आणि गाळ्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला तो पाठ हवा. गिऱ्हाईक उठून गेलं तरी त्याखाली उतरायचं नाही. हे जमत नसेल तर धंदा जड जाईल.

पुण्या-मुंबईत जाड लोकरी माल पडून राहतो. तिथे हाफ स्वेटर, विंडचिटर, लहान मुलांचे कपडे, कानटोप्या जास्त ठेवा. जाड माल नागपूर-नाशिककडे चालतो.

रोज रात्री विकलेल्या नगांची खरेदी-किंमत गल्ल्यातून काढून वेगळी ठेवा. ही रक्कम व्यापाऱ्याची. फेडीची वेळ आणि लोसारचा, म्हणजे तिबेटी नववर्षाचा खर्च पाठोपाठ येतात, आणि एकाच गल्ल्यात ठेवलं की उधारी थकते. एकदा थकली की पुढच्या वर्षी माल उशिरा, उरलासुरला मिळतो.

थंडी पडलीच नाही तर मात्र तळभाव बाजूला ठेवून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच भाव खरेदीपर्यंत आणा. परत न जाणारा माल उन्हात सुकवून, डांबरगोळ्या टाकून, जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. पावसाळ्यात ओल लागलेला नग पुढच्या हंगामात फुकटही जात नाही.