रोमानियन शिकताना: शुक्रवार एक की सगळे?

भाषेच्या तयारीच्या वर्षासाठी रोमानियातल्या क्लुज शहरात आले, त्याच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. एका कार्यालयाच्या दारावर चिठ्ठी होती: 'इंकिस विनेर्या'. इंकिस म्हणजे बंद, विनेरि म्हणजे शुक्रवार, एवढं पाठ होतं. आज बंद आहे असं समजून परतले. पुढच्या शुक्रवारी कागदपत्रांची फाइल घेऊन पुन्हा गेले, तर चिठ्ठी तीच आणि दारही बंदच. कार्यालय दर शुक्रवारी बंद असतं, हे शेवटच्या त्या 'या'नं आधीच सांगितलं होतं.

नव्यानं शिकणाऱ्यांनी हे पहिल्याच महिन्यात पक्कं करावं. इंग्रजीतलं 'द' रोमानियनमध्ये नामाच्या शेपटीला लागतं. वाराला ते लागलं की अर्थ 'दर' असा होतो. नुसतं 'विनेरि' म्हणजे एकच शुक्रवार, येणारा किंवा नुकताच गेलेला. कोणता ते क्रियापदावरून कळतं. आपण 'शुक्रवारी' म्हणताना ई लावतो, तिथे तेही नाही. 'विनेरि आम एक्झामेन' म्हणजे शुक्रवारी माझी परीक्षा आहे. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: 'विनेर्या विइत्वारे' म्हणजे पुढचा शुक्रवार, तो एकच.

हा शब्द मला फार जवळचा वाटतो. लॅटिनमध्ये 'वेनेरिस दिएस', व्हीनसचा दिवस. आणि व्हीनस म्हणजे आपला शुक्र! इटालियन 'वेनेर्दी'त 'दिवस' अजून चिकटलेला आहे, रोमानियननं तो टाकून दिला. लुनि, मार्त्सि, म्येर्कुरि, झोय हेही चंद्र, मंगळ, बुध, गुरूचेच वार. शनिवार-रविवारी मात्र ग्रह शोधू नका. तिथे सब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, आणि प्रभूचा दिवस आला आहे.

संत पारास्केवाला इथले लोक 'स्फिंता विनेरि', म्हणजे पवित्र शुक्रवार, असंही म्हणतात, कारण ग्रीकमध्ये त्या नावाचा अर्थच शुक्रवार. 14 ऑक्टोबरला तिच्या दर्शनासाठी याश शहरात मोठी रांग लागते. हे वर्गात ऐकलं तेव्हा श्रावणातल्या शुक्रवारी आई देवघराशेजारी लावायची तो जिवतीचा कागद डोळ्यांपुढे आला.

उच्चाराचंही सांगते. 'विनेरि'तली शेवटची इ जेमतेम ऐकू येते, र नुसता मऊ होतो. म्हणून फोनवर वेळ ठरवताना मी अक्षरं मोजते. वि-नेर् अशी दोन आली तर त्या एका शुक्रवारी जायचं. वि-ने-र्या अशी तीन आली तर सगळे शुक्रवार.