हिवाळी ऑलिंपिकचा कोटा: भारतीय स्कीपटूने शर्यती कशा निवडाव्यात आणि गुण कसे जमवावेत

2022च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारताचा एकच खेळाडू उतरला होता: गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गचा आरिफ खान. स्लॅलमची (जवळजवळ रोवलेल्या खांबांच्या खुणांमधून, म्हणजे गेटमधून, वळत उतरायची शर्यत) पात्रता त्याने दुबईतल्या शर्यतींतून मिळवली आणि जायंट स्लॅलमची (तीच शर्यत, पण गेट लांब लांब) माँटेनेग्रोमधल्या कोलाशिनला. खेळ तो गुलमर्गला शिकला, पण गुण परदेशातून आणावे लागले. 2030चं हिवाळी ऑलिंपिक फ्रेंच आल्प्समध्ये आहे. तिथे जायचं असेल तर वेगाने उतरता येणं हा अर्धाच भाग झाला. कोणत्या शर्यतीला जायचं आणि कोणती सोडायची, हा उरलेला अर्धा, आणि आपल्याकडे बहुतेक जण तिथेच कमी पडतात.

आधी नोंदणी

आंतरराष्ट्रीय स्की महासंघ म्हणजे फिस. फिसच्या शर्यतीत कोणी स्वतःच्या नावाने अर्ज करू शकत नाही. प्रवेशिका राष्ट्रीय संघटनेकडूनच जाते. त्यामुळे पहिलं काम म्हणजे संघटनेमार्फत फिसचा खेळाडू क्रमांक काढणं. त्यासाठी पासपोर्ट, सही केलेलं खेळाडू-प्रतिज्ञापत्र आणि अपघात विमा लागतो. अल्पाइन (डोंगरउतारावरच्या) स्कीइंगच्या फिस शर्यतींसाठी त्या वर्षात वयाची 16 वर्षं पूर्ण होत असली पाहिजेत. दर हंगामाला नूतनीकरण करावं लागतं. शेंगेन व्हिसाच्या तारखा हाती घेऊनच प्रवेशिका पाठवायला सांगा. व्हिसा उशिरा आला तर जानेवारीचा अख्खा टप्पा हातचा जातो, आणि गुण कमवायचे खरे महिने डिसेंबर-जानेवारी हेच असतात.

संघटनेचा कारभार ही दूरची बाब समजू नका. 2014ला भारतीय ऑलिंपिक संघटना निलंबित होती, म्हणून सोचीच्या उद्घाटनाला शिवा केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल यांना तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्यामागून चालावं लागलं. स्पर्धा सुरू असतानाच निलंबन उठलं. खेळाडूंचा त्यात काडीचाही दोष नव्हता.

गुणांचं गणित

फिसच्या गुणांत कमी ते चांगले. जगातल्या अव्वल खेळाडूचे गुण शून्याच्या आसपास असतात. प्रत्येक शर्यतीत तुमच्या खात्यावर दोन आकड्यांची बेरीज जमा होते: तुम्ही विजेत्याच्या किती मागे होतात त्याचे शर्यत-गुण आणि त्या शर्यतीची पेनल्टी.

शर्यत-गुण असे काढतात: तुमची वेळ भागिले विजेत्याची वेळ, त्यातून एक वजा, आणि उरलेल्याला त्या प्रकाराच्या गुणकाने गुणायचं. स्लॅलमचा गुणक 730, जायंट स्लॅलमचा 1010. बीजिंगच्या जायंट स्लॅलममध्ये मार्को ओडरमाटने 2 मिनिटं 9.35 सेकंदांत सुवर्ण घेतलं आणि आरिफ 2 मिनिटं 47.24 सेकंदांत 45वा आला. 167.24 भागिले 129.35 म्हणजे 1.2929. वरच्या 0.2929ला 1010ने गुणलं की जवळपास 296 शर्यत-गुण होतात. त्या दिवशी यानचिंगला, जिथे ती शर्यत झाली, दाट बर्फ पडत होता, पुढचं गेट दिसायची मारामार होती आणि कितीतरी जण शर्यत पूर्णच करू शकले नाहीत. पण मुद्दा असा की ऑलिंपिकला पेनल्टी शून्य असूनही हा आकडा पात्रतेच्या कोणत्याही मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे. पात्रतेचे गुण मोठ्या मंचावर मिळत नाहीत, छोट्या शर्यतींत मिळतात.

पेनल्टी म्हणजे ती शर्यत किती तगडी होती याचं माप. पहिल्या दहांत आलेल्यांपैकी ज्या पाच जणांचे यादीतले गुण सर्वांत चांगले, त्यांची बेरीज घ्या. शर्यत सुरू करणाऱ्या सगळ्यांतल्या सर्वोत्तम पाचांची बेरीज तीत मिळवा. आधीच्या पाच जणांनी त्या दिवशी मिळवलेले शर्यत-गुण वजा करा आणि दहाने भागा. हे सूत्र पाठ असायला हवं, कारण शर्यत निवडायची किल्ली त्यातच आहे. दुसऱ्या बेरजेत 'सुरू करणारे' मोजतात, पूर्ण करणारे नव्हेत. म्हणजे चांगल्या गुणांचे दोन-तीन खेळाडू पहिल्याच फेरीत पडले, तरी त्यांचे गुण पेनल्टी खाली ओढतात आणि फायदा मागे राहिलेल्यांना होतो.

उदाहरण घ्या. स्लॅलमच्या दोन फेऱ्यांची विजेत्याची एकूण वेळ 100 सेकंद, तुमची 109. शर्यत-गुण झाले 65.7. पेनल्टी 60 असेल तर खात्यावर 125.7, पेनल्टी 30 असेल तर 95.7. उतार तोच, तुमची धावही तीच, आणि फरक मात्र तीस गुणांचा.

कोणत्या शर्यतीला जायचं

पात्रतेची मर्यादा दर ऑलिंपिकला बदलते. सोचीच्या वेळी पाच शर्यतींची सरासरी 140च्या आत लागायची. 2030चा पात्रता-दस्तऐवज जाहीर झाला की तो मूळातून वाचा, कोणी सांगितलं म्हणून विसंबू नका. त्यात तीन गोष्टी शोधा: गुणांची मर्यादा, किती शर्यतींची सरासरी धरतात, आणि मुदतीच्या दोन्ही तारखा. मुदत सुरू होण्याआधी मिळवलेले सुंदर गुण त्या कामाला येत नाहीत.

मग फिसच्या वेळापत्रकातून शर्यतींची यादी करा. एकाच ठिकाणी सलग तीन-चार दिवस स्लॅलम असतील तर तो टप्पा आधी धरा. प्रवासाचा खर्च एकदाच होतो आणि तिसऱ्या दिवसापर्यंत उतार पायाखालचा झालेला असतो. मागच्या दोन वर्षांचे त्या ठिकाणचे निकाल उघडून पेनल्टी किती होती आणि विजेत्याच्या तुलनेत तिसावा खेळाडू किती टक्के मागे होता, ते टिपून ठेवा. पेनल्टी कमी आणि खेळाडूंच्या वेळा एकमेकींना लागून, अशी शर्यत आपली. एकच फार वरचा खेळाडू आणि बाकी सगळे साधारण, अशी शर्यत टाळलेली बरी. तो एकटा पुढे निघून गेला की सगळ्यांचे शर्यत-गुण फुगतात, आणि पहिल्या पाचांत बाकी चौघे साधारण असल्याने पेनल्टीही फारशी उतरत नाही.

बिबचा (छातीवरच्या पट्ट्याचा) क्रमांक, म्हणजे सुटायचा क्रम, हे दुसरं दुखणं. पहिल्या पंधरांची सोडत होते, पुढचे सगळे गुणांच्या क्रमाने. गुण वाईट तर बिब मागचा, बिब मागचा तर गेटभोवती खोल चर पडलेले, आणि चरांत वेळ जाऊन गुण पुन्हा वाईट. या चक्रातून बाहेर यायचं तर सुरुवातीचे दोन टप्पे अशा छोट्या शर्यतींत घालवा जिथे तुमचा बिब चाळिसाच्या आत येईल. पाणी मारून कडक केलेला उतार असेल तर उत्तमच, कारण तो साठाव्या बिबलाही बऱ्यापैकी शाबूत असतो.

दुबईचा बंदिस्त उतार जेमतेम 400 मीटर लांब आहे, वरून खालपर्यंत उंचीतला फरक सुमारे 60 मीटर. तिथे चुका करायला जागा कमी, त्यामुळे टक्केवारीतलं अंतर आटोक्यात राहतं. पण वेळ लहान असल्याने सेकंद महाग पडतो. दोन फेऱ्या मिळून विजेत्याला 36 सेकंद लागले, तर तुमच्या एका सेकंदाचे वीस गुण होतात. 100 सेकंदांच्या शर्यतीत त्याच सेकंदाचे 7.3 होतात. सुरुवात ढिली असणाऱ्याने म्हणून बंदिस्त उतारावर जाण्याआधी स्टार्ट घोटून घ्यावा.

उताराला फिसचं मान्यता-प्रमाणपत्र आहे ना, हे वेळापत्रकात बघा. बर्फ कमी पडून स्टार्ट खाली आणला आणि उंचीतला फरक नियमाच्या किमान मर्यादेखाली गेला, तर दिवसभराची मेहनत गुणांविना जाते. 'जुळवलेल्या' शर्यतींच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. जानेवारी 2014मध्ये स्लोव्हेनियातल्या क्रवावेत्सला सोचीच्या पात्रतेसाठी घेतलेल्या जायंट स्लॅलम शर्यती फिसने नंतर रद्द केल्या आणि पदाधिकाऱ्यांवर बंदी घातली.

क्रॉस-कंट्रीचा (चढ-उतार आणि सपाटीवरून लांब पल्ल्याच्या स्कीइंगचा) रस्ता वेगळा, आणि भारतीय खेळाडूंसाठी तो बऱ्याचदा जवळचा. एकेकट्याने सुटायच्या शर्यतींचा गुणक 800 आहे. विजेत्याला 35 मिनिटं लागली तर मागे पडलेला प्रत्येक मिनिट सुमारे 23 गुणांचा. इथे दम आणि सातत्य मोजतात, आणि उन्हाळाभर डांबरी रस्त्यावर चाकांच्या रोलर-स्कीने सराव करता येतो. भारताचे या प्रकारातले बरेच खेळाडू लष्करातून आले, ते उगाच नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांसाठी एक स्पष्ट मत. बाराव्या-तेराव्या वर्षी गुलमर्ग, औली किंवा सोलांगला पहिल्यांदा स्की बांधणाऱ्याला अल्पाइनचे पात्रता-गुण गाठणं फार कठीण आहे. रोलर स्केटिंगची पकड असेल तर आइस स्केटिंगकडे वळावं. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत लेहच्या बर्फावर महाराष्ट्राचे स्केटर पदकं घेतात, ते याच पायावर.

सामान आणि वॅक्स

फिस शर्यतींत पुरुषांच्या स्लॅलम स्कीची किमान लांबी 165 सेंटिमीटर, महिलांची 155. जायंट स्लॅलमला पुरुषांची 193, महिलांची 188, आणि दोन्हींना स्कीच्या वळणाची त्रिज्या किमान 30 मीटर. जुन्या स्की घेताना स्कीवर कोरलेले हे आकडे स्वतः वाचा. पर्यटकांच्या दुकानातली स्की दिसायला तशीच असते आणि मापात बसत नाही. बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीच्या) पाटीसकट उंची 50 मिलिमीटर आणि बुटाच्या तळाची 43 मिलिमीटर, याहून जास्त चालत नाही. जायंट स्लॅलमच्या हेल्मेटवर 'आरएच 2013'चं लेबल हवं. विमानात बूट नेहमी हातातल्या बॅगेत. स्की हरवल्या तर उसन्या मिळतात, पायाला बसलेला बूट मिळत नाही.

कडक बर्फासाठी कडेचा कोन 87 अंश आणि तळाकडचा अर्धा अंश, हे बहुतेकांना चालतं. कानस नेहमी टोकाकडून शेपटीकडे. मग बारीक डायमंड दगडाने बर (कानशीने कडेला उरलेली धातूची बारीक धार) काढायची. नखाची कड आडवी फिरवा: नख कुठेही अडलं तर बर राहिली आहे, आणि तीच स्की वळताना झटका देते.

वॅक्स लावताना इस्त्रीतून धूर येता कामा नये. धूर आला तर तळ भाजतोय. इस्त्री एका जागी थांबवायची नाही. अर्धा-पाऊण तास स्की खोलीच्या तापमानाला गार होऊ द्या, मग प्लेक्सीच्या पट्टीने खरवडा आणि पितळी, घोड्याच्या केसांचा, नायलॉनचा अशा क्रमाने ब्रश मारा. स्की गरम असताना खरवडलं तर मुरलेलं वॅक्सही निघून येतं.

फ्लोरिनयुक्त वॅक्सवर फिसने 2023-24च्या हंगामापासून पूर्ण बंदी घातली आहे. आपल्याकडे जुन्या इस्त्र्या आणि ब्रश हातोहात फिरतात, धोका तिथे आहे. नवं, फ्लोरिनमुक्त वॅक्स लावूनही जुन्या ब्रशातल्या अंशामुळे स्की तपासणीत अडकू शकते आणि खेळाडू बाद होतो. इस्त्री, ब्रश आणि खरवडणी नवी घ्या, नाव घालून ठेवा, कोणाला उसनी देऊ नका.

औषधं

लेह 3,500 मीटरवर आहे. विरळ हवेचा त्रास नको म्हणून प्रवासी सर्रास डायमॉक्स घेतात. त्यातलं अ‍ॅसिटाझोलामाइड मूत्रल म्हणून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे आणि स्पर्धेबाहेरही चालत नाही. खेळाडूने ते घेऊ नये, दोन-तीन दिवस आराम करून हवेला सरावावं. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन स्पर्धेच्या काळात ठराविक प्रमाणापलीकडे सापडलं तर अडचण होते. घटकच छापलेले नाहीत अशी चूर्णं आणि टॉनिकं पूर्ण बंद.

शर्यतीचा दिवस

आदल्या संध्याकाळच्या कॅप्टन्स मीटिंगला संघाचा माणूस हजर हवाच. खेळाडू येणार हे तिथे पक्कं केलं नाही तर नाव सोडतीतून गळतं. सकाळी पाहणीत गेटच्या कडेने घसरत उतरायचं. बिब लावून गेटमधून स्की केली की बाद. स्लॅलममध्ये 'गो' म्हटल्यावर दहा सेकंदांत सुटावं लागतं, जायंट स्लॅलमला ठरलेल्या क्षणाच्या पाच सेकंद आत-बाहेर. स्लॅलममध्ये गेट चुकलं तर मागे चढून ते पार करता येतं. जायंट स्लॅलममध्ये तिथेच थांबायचं.

पहिल्या फेरीत नव्वद टक्के जोर पुरे. पडलेल्या शर्यतीचे गुण मिळत नाहीत, आणि सरासरीसाठी पूर्ण केलेल्या शर्यतीच लागतात.

मिळालेला कोटा देशाचा असतो, खेळाडूचा नसतो. दोन खेळाडूंनी मर्यादा गाठली आणि जागा एकच असली तर कोणाला पाठवायचं, याचा लेखी नियम हंगामाआधी जाहीर करून घ्या. कोणत्या तारखेची यादी आणि कोणता प्रकार धरायचा, हे त्यात हवं. मुदत संपल्यावर केलेला नियम कोर्टात जातो आणि दोघांचाही सराव बुडतो.

बाद झालेल्यांची यादी लागली की निषेध नोंदवायला फक्त 15 मिनिटं मिळतात. निषेध लेखी द्यायचा आणि सोबत 100 स्विस फ्रँक अनामत भरायची. पंचांना पटलं तर रक्कम परत मिळते. हे पैसे आणि पेन संघप्रमुखाच्या खिशात सकाळपासून असू द्या, आणि फेरी संपली की त्याने फलकाजवळून हलू नये.