टेक्सासहून न्यू जर्सीला घर हलवताना पिस्तुलाची तयारी

घरात पिस्तूल असेल तर मूव्हर्सना फोन लावण्याआधी व्हिसा बघा. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) हे नॉन-इमिग्रंट म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा, आणि त्यांवर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला केंद्रीय कायद्याचीच मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना असेल तर सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबू नका. तुमचं ग्रीन कार्ड आलंय आणि आईबाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने आलेत? मग तिजोरीची किल्ली आणि कोड त्यांच्याकडे नको. ग्रीन कार्डवाल्यालाही बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर देशाबाहेर काढता येतं, हे मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

मग मॅगझिन, म्हणजे पिस्तुलात बसणारे गोळ्यांचे कप्पे, मोजा. टेक्सासात मर्यादा नाही. न्यू जर्सीत २०१८ च्या कायद्याने १० पेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन नुसतं घरात ठेवणंही गुन्हा ठरतं. पिस्तुलासोबत आलेलं १५ किंवा १७ गोळ्यांचं मॅगझिन निघण्याआधी टेक्सासातच विकून टाका. एआर-१५ च्या जातीची रायफल असेल तर तीही टेक्सासातच सोडा.

कमरेला पिस्तूल लावून बाहेर पडायची सवय आजच मोडा. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या बहुतेकांना त्यासाठी परमिट लागत नाही, पण न्यू जर्सी दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. २०१३ मध्ये फिलाडेल्फियाची एक आई पेनसिल्व्हेनियाचं परमिट घेऊन न्यू जर्सीत शिरली. पोलिसांनी गाडी थांबवल्यावर तिने आपणहून पिस्तुलाबद्दल सांगितलं, आणि तिला अटक झाली. काही वर्षांच्या सक्तीच्या तुरुंगवासाची टांगती तलवार होती. शेवटी २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस क्रिस्टी यांनी माफी दिली. तिचा प्रामाणिकपणा कायद्याने मोजला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रवासाचं सांगायचं तर १९८६ चा केंद्रीय कायदा वाटेतल्या राज्यांमधून संरक्षण देतो, पण अटी पाळाव्या लागतात. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद पेटीत, डिकीत. गोळ्या वेगळ्या, त्याही डिकीत. डॅशबोर्डचा कप्पा चालत नाही, त्याला कुलूप असलं तरी. आय-८१ या महामार्गाने गेलात तर वाटेत मेरीलँडचा जेमतेम बारा मैलांचा पट्टा लागतो, तिथेही हेच. रात्रीचा मुक्काम टेनेसीतच उरकून घ्या. पुढे पेट्रोलपुरतंच थांबा. विमानाने नेणार असाल तर न्यूयॉर्कमार्गे तिकीट काढू नका. गोळ्या मूव्हर्सच्या ट्रकात टाकू नका, बहुतेक कंपन्या त्या घेतच नाहीत.

आणि पोहोचल्यावर खोकी उघडायच्या गडबडीत तारीख विसरू नका: रहिवासी झाल्यापासून ६० दिवसांच्या आत फायरआर्म्स पर्चेसर आयडी कार्डाचा (बंदूक खरेदीदाराच्या ओळखपत्राचा) अर्ज आणि पिस्तुलाची नोंदणी. खरेदीची पावती हाताशी ठेवा, बोटांचे ठसे द्यावे लागतील.