कोल्हापुरातून स्टुडिओ आर्टची पदवी: काय लागतं आणि कधी लागतं

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला ए ग्रेड, स्केचबुकं भरलेली आणि बारावी तोंडावर आलेली, अशी मुलं-मुली कोल्हापुरात पुष्कळ आहेत. त्यांच्या माहितीतले रस्ते साधारण दोनच असतात. एक, कलानिकेतन किंवा दळवीजसारख्या संस्थेत फाउंडेशन करून डिप्लोमा. दुसरा, प्रवेश परीक्षा देऊन बीएफए, म्हणजे फक्त कलेची पदवी. अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे जिथे मुख्य विषयाबरोबर इतर विषयही शिकवतात अशा कॉलेजात, स्टुडिओ आर्ट (प्रत्यक्ष चित्र-शिल्प करणं) हा मुख्य विषय घेऊन चार वर्षांची बीए करणं हा तिसरा रस्ता. त्याची तयारी वेगळी असते आणि ती अकरावीतच सुरू करावी लागते.

आधी पदवीचं गणित समजून घ्या. बहुतेक कॉलेजांत पदवीसाठी १२० क्रेडिट किंवा ३२ च्या आसपास कोर्स पूर्ण करायचे असतात. त्यात मुख्य विषयाचे कोर्स साधारण १० ते १२. उरलेल्या कोर्समध्ये विज्ञान, गणित, समाजशास्त्र, परकी भाषा, लेखन असं सगळं येतं, आणि ते टाळता येत नाही. बीएफएत प्रमाण उलटं असतं, तिथे जवळजवळ दोन-तृतीयांश काम कलेचंच. ज्याला दिवसभर फक्त चित्रच काढायचंय त्याने बीएफए करावी, आणि शाळेत कलाशिक्षक व्हायचं असेल तर एटीडी (कलाशिक्षक डिप्लोमा) हाच सरळ मार्ग. चित्राबरोबर वनस्पतीशास्त्र, इतिहास किंवा कॉम्प्युटर सायन्सही मनापासून शिकायचं असेल, तर मात्र ही बीए घ्यावी.

मुख्य विषयाचे १०-१२ कोर्स मनाला येतील तसे निवडता येत नाहीत. पायाभूत तीन असतात: ड्रॉइंग, द्विमितीय रचना, त्रिमितीय रचना. कला-इतिहासाचे दोन किंवा तीन, त्यातला एक बऱ्याच ठिकाणी युरोपबाहेरच्या कलेचा किंवा समकालीन कलेचा असावा लागतो. मग किमान दोन माध्यमांत मधल्या पातळीचे कोर्स, म्हणजे पेंटिंग, प्रिंटमेकिंग, शिल्प, सिरॅमिक्स, फोटोग्राफी यांपैकी. त्यानंतर उच्च पातळीचे एक-दोन, आणि शेवटच्या वर्षी सिनियर सेमिनार (शेवटच्या वर्षाचा चर्चावर्ग) व स्वतःच्या कामांचं प्रदर्शन. मुख्य विषय अधिकृतपणे जाहीर करायचा तो दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस. प्रवेश कॉलेजात मिळतो, कला विभागात नव्हे.

गाडी अडते ती क्रमावर. ड्रॉइंग १ झाल्याशिवाय पेंटिंग १ मिळत नाही, पेंटिंग १ शिवाय पेंटिंग २ नाही, आणि उच्च पातळीचा कोर्स झाल्याशिवाय सिनियर सेमिनारला बसता येत नाही. स्टुडिओच्या वर्गात जागा १५ च्या आसपास, आणि नावनोंदणी आधी वरच्या वर्गांची. त्यामुळे "आधी अवघड विषय उरकू, ड्रॉइंग काय, येतंच" असं म्हणून ते दुसऱ्या वर्षावर ढकललं की चौथ्या वर्षी दोन कोर्स अंगावर येतात आणि प्रदर्शनाच्या कामाला वेळ उरत नाही. ड्रॉइंग १ पहिल्याच सत्रात घ्या. वर्ग भरलेला दिसला तरी प्रतीक्षा यादीत नाव घाला, प्राध्यापकांना ईमेल लिहा आणि पहिल्या तासाला जाऊन बसा. पहिल्या आठवड्यात कोर्स बदलण्याची मुभा असते, तेव्हा एक-दोन जागा हमखास सुटतात.

फाउंडेशन करून गेलेल्यांना ड्रॉइंग १ म्हणजे वेळ वाया वाटतो. काही कॉलेजं पोर्टफोलिओ बघून तो कोर्स माफही करतात. आमचं मत स्पष्ट आहे: माफी मागू नका. हात तयार असला तरी त्या वर्गात क्रिटिक शिकायला मिळते. चित्रं टाचण्यांनी भिंतीवर लागतात आणि सगळा वर्ग त्यावर बोलतो. तिथे "छान झालंय" चालत नाही. नजर आधी कुठे जाते, कुठे अडते, कोरी ठेवलेली जागा काय करते, हे सांगावं लागतं, आणि तेही इंग्रजीत. याचा सराव इथेच करता येतो. दोन-तीन मित्र-मैत्रिणी जमवा, एका चित्राला दहा मिनिटं द्या, आणि चित्र काढणाऱ्याने शेवटपर्यंत तोंड उघडायचं नाही असा नियम ठेवा.

वेळेचा हिशेब: एका स्टुडिओ कोर्सचे आठवड्यातून दोन वर्ग, प्रत्येकी अडीच-तीन तासांचे, आणि वर्गाबाहेर जवळजवळ तेवढंच काम. एका सत्रात असे दोन कोर्स झेपतात. तिसरा घेतला की इतर विषयांचे निबंध मागे पडतात आणि गुण घसरतात. कला-इतिहास शेवटपर्यंत ठेवण्याची चूकही बरेच जण करतात. त्यात वाचन भरपूर असतं, त्यामुळे तो प्रदर्शनाच्या वर्षी मुळीच नको.

आता पोर्टफोलिओ. बऱ्याच लिबरल आर्ट्स कॉलेजांत तो सक्तीचा नसतो, अर्जाला जोडायची पुरवणी असते. चांगला असेल तर वजन पडतं, कच्चा असेल तर न पाठवलेला बरा. साधारण १० ते २० कामं मागतात. एखाद्या कॉलेजने "२० पर्यंत" म्हटलं म्हणून २० भरायची गरज नाही. सगळ्यात कमकुवत चित्रावरून मत बनतं, म्हणून १२ पक्की असतील तर १२ च पाठवा.

कोल्हापूरच्या मुलांची जमेची बाजू म्हणजे वास्तववादी हात. आबालाल रहिमान यांच्यापासून इथे निसर्गचित्राची परंपरा आहे, आणि बाबूराव पेंटर यांनी तर चित्र, शिल्प आणि सिनेमा अशा तिन्ही क्षेत्रांत काम केलं. टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन इथल्या चित्रकारांची मूळ चित्रं जवळून बघा. पण पोर्टफोलिओत अडचण येते ती याच परंपरेच्या नकलेने. तोच रंकाळा, तीच संध्याकाळ, तेच जलरंगातलं प्रतिबिंब. त्यात भर म्हणून फोटोवरून केलेली नट-नट्यांची पेन्सिल पोर्ट्रेट्स. फोटोवरून केलेलं काम लगेच ओळखू येतं: सावल्या सपाट, कडा सगळीकडे सारख्याच तीक्ष्ण, आणि खोली कुठेच नाही. अशी कामं बाजूला ठेवा, अर्धी तरी चित्रं प्रत्यक्ष बघून काढलेली हवीत.

मानवाकृतीच्या अभ्यासासाठी मॉडेल कुठून आणायचं, असं विचारलं जातं. कोल्हापूरसारख्या तालमींच्या गावात हा प्रश्न पडू नये. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत सकाळी लवकर जा, आधी वस्तादांना भेटून परवानगी घ्या, आणि चपला बाहेर काढून भिंतीला टेकून बसा. कुस्ती चालू असताना चित्र काढायला जाऊ नका, सुरुवातीला ते पकडता येत नाही. जोर मारणारा पैलवान शोधा. तो तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो. त्यामुळे पहिल्या वेळी पाठीची रेघ पकडायची, दुसऱ्या वेळी खांद्यापासून मनगटापर्यंतचा कोन, तिसऱ्या वेळी कमरेचा भार कुठे जातो ते. ३० सेकंदांची १५-२० स्केचेस झाली की दोन-दोन मिनिटांची करा. माध्यम कोळसा किंवा ६बी पेन्सिल, कागद साधा न्यूजप्रिंट, खोडरबर घरी ठेवा. महिनाभर हे केल्यावर त्यातली चार-पाच निवडून एका पानावर मांडली, तरी ते पान सजवलेल्या कुठल्याही पोर्ट्रेटपेक्षा सरस ठरतं.

बाकीची कामं अशी वाटून घेता येतील: कोळशात दोन मोठी स्थिरचित्रं, अर्ध्या इंपीरियलवर म्हणजे १५ × २२ इंचांवर. घराच्या आतलं एक दृश्य, परस्पेक्टिव्हसकट. रंगांत तीन-चार. मातीत किंवा पुठ्ठ्यात एक-दोन त्रिमितीय कामं (शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत शाडू आणि मार्गदर्शन दोन्ही मिळतं). आणि एकाच विषयावर तीन-चार कामांची मालिका. मालिका महत्त्वाची, कारण चौथ्या वर्षी नेमकं हेच करायचं असतं. गुऱ्हाळ घ्या, चप्पल बनवणाऱ्यांची हत्यारं घ्या, नाहीतर स्वतःच्या आजीचं स्वयंपाकघर घ्या. एकच गोष्ट चार वेगळ्या माध्यमांत किंवा चार वेगळ्या अंतरांवरून बघा. गुऱ्हाळावर करायचं असेल तर हंगाम हिवाळ्याचा, अर्ज भरायच्या वर्षी तो हाती लागत नाही. म्हणून अकरावीतच करून ठेवा.

फोटो काढताना बरीच चांगली चित्रं वाया जातात. चित्र उभं भिंतीला लावा, सावलीत, उन्हाच्या थेट किरणांपासून दूर. सकाळी दहाच्या सुमाराचा मोकळ्या अंगणातला उजेड उत्तम. मोबाईल चित्राच्या बरोबर मध्यावर, समांतर धरा. जवळ जाऊन काढलं की कडा फुगतात, म्हणून दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. फ्लॅश बंद, फिल्टर नको, काचेची फ्रेम काढून ठेवा. घरातल्या बल्बखाली कागद पिवळा येतो आणि जलरंगातले निळे मरतात. चित्राची कड बरोबर कापून घ्या, मागची टाइल दिसायला नको. प्रत्येक कामाखाली शीर्षक, माध्यम, वर्ष आणि माप लिहायचं असतं. माप इंचांत द्या.

पावसाळ्याचं भान ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या हवेत कागद दमट होऊन लाटा धरतो आणि फोटोत त्याच्या सावल्या पडतात. शक्य तेवढे फोटो मे महिन्यातच उरका. राहिलेले कागद दोन प्लायच्या मध्ये रात्रभर वजनाखाली ठेवून मग काढा. पंचगंगेच्या पूररेषेत घर असेल तर मूळ चित्रं तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ आणि २०२१ चं पाणी सगळ्यांनी पाहिलंय.

कागदपत्रं बारावीच्या दिवाळीपर्यंत तयार हवीत. लवकरच्या अर्जांची मुदत नोव्हेंबरच्या सुरुवातीला किंवा मध्याला, नेहमीची साधारण जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात असते. नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण मागतात, म्हणून नववीची गुणपत्रिका शाळेतून शिक्क्यासकट आणून ठेवा. शाळेचा अहवाल तिकडे काउन्सेलर भरतो. इथे प्राचार्य किंवा वर्गशिक्षक भरू शकतात, पण फॉर्म काय आहे हे त्यांना आधी नीट समजावून सांगावं लागतं. दोन शिफारसपत्रं नेहमीच्या विषयांच्या शिक्षकांची, चित्रकलेच्या सरांचं पत्र जादा. मराठी माध्यमातून आला असाल तर टोफेल, आयईएलटीएस किंवा ड्युओलिंगोपैकी इंग्रजीची कुठली परीक्षा चालते ते प्रत्येक कॉलेजच्या पानावर बघा.

पैशाचं सुरुवातीलाच बोला. नामांकित खाजगी कॉलेजांत वर्षाचा छापील खर्च ८० हजार डॉलरच्या वर जातो. मदत मिळते ती बहुतांशी घरच्या उत्पन्नावर, त्यासाठी सीएसएस प्रोफाइल (घरच्या उत्पन्नाची माहिती देणारा ऑनलाइन अर्ज) भरावी लागते. बहुतेक कॉलेजं परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली की प्रवेश देतानाच ते लक्षात घेतात. ॲम्हर्स्ट आणि बोडनसारखी मोजकी कॉलेजं तसं करत नाहीत, पण तिथली स्पर्धाही तेवढीच तीव्र. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. स्टुडिओ किंवा लाकूडकामाच्या वर्कशॉपची देखरेख ही कलेच्या विद्यार्थ्याला सोयीची नोकरी, कारण हत्यारं हाताशी राहतात.

सामान बांधताना टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा स्प्रे घेऊ नका, ज्वलनशील म्हणून विमानात चालत नाहीत. मूळ चित्रंही न्यायची गरज नाही. चांगले ब्रश, सवयीचा पेन्सिलचा संच आणि तालमीतली स्केचबुकं एवढं पुरे.