बारावीचा शेवटचा पेपर झाला की कागदांना लागा

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. जून लागला की दारात दोन रांगा उभ्या राहतात. एक पीककर्जाच्या कागदांसाठी आलेल्या काकाजींची, दुसरी ॲडमिशनच्या दाखल्यांसाठी आलेल्या लेकरांची. त्यात पेरणी तोंडावर, तलाठी कामात बुडालेले आणि तहसीलची साइट रडतखडत चाललेली. म्हणून निकालाची वाट पाहू नका. मार्क कमी पडले म्हणून शिष्यवृत्ती हुकलेली मुलं मी कमी पाहिली, एखादा दाखला वेळेत हाती आला नाही म्हणून हुकलेली कितीतरी.

उत्पन्नाचा दाखला 1 एप्रिलनंतरच काढा. मार्चमध्ये काढलेल्या दाखल्याची मुदत बहुतेक वेळा 31 मार्चलाच संपते आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो. सोबत अधिवास आणि जातीचा दाखला, ओबीसी-व्हीजेएनटी (विमुक्त-भटके) असाल तर नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घर उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखला. टीसी, मार्कशीट, आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का ते आत्ताच पाहा. आधारवर बापाचं नाव नाही, टीसीवर आहे, पासबुकात आडनाव आधी आहे, अशा साध्या गोष्टींवरून अर्ज परत येतात. आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू पाहिजे, कारण ओटीपी त्यावरच येतो. भावाचा जुना नंबर असेल तर आधी तो बदलून घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे हे समितीकडून तपासून घेणं. हे काम अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत सुरू करायचं असतं. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. आदिवासींसाठी ती तारीख 6 सप्टेंबर 1950, आणि त्यांची समितीही वेगळी. आता आजोबांचा पुरावा आणायचा कुठून? आजोबा चौथीपर्यंत जरी शिकले असतील तर त्या जिल्हा परिषद शाळेत जा आणि दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मागा. अलीकडेच एका मुलीच्या पणजोबांची नोंद अशीच सापडली. पानाच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण शाईनं लिहिलेलं नाव आणि जात दोन्ही स्वच्छ वाचता येत होतं. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकाची नक्कल मागा. आपल्या विदर्भात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. वडील, काका, आत्या किंवा सख्ख्या चुलतभावाची व्हॅलिडिटी (जात पडताळणी) झालेली असेल तर तीही जोडा, काम फार सोपं होतं.

आता पैसे कुठून मिळतात ते सांगते. महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक योजना महाडीबीटी पोर्टलवर एकाच ठिकाणी आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिला उत्पन्नाची अट अडीच लाखांची. आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना, तिथे मर्यादा 8 लाखांची. मुलींच्या आईवडिलांनी तर हे नीट ऐका: 2024-25 पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्न 8 लाखांच्या आत पाहिजे आणि प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतली की हा हक्क गेला. पोरगी इंजिनिअरिंगला लागली म्हणून कुणी दागिने मोडायला निघतं तेव्हा माझा जीव तुटतो. आधी माझ्याकडे या, नाहीतर जवळच्या कुठल्याही केंद्रात जा, पण सावकाराच्या दारात जाऊ नका.

फी माफ झाली तरी राहणं-खाणं उरतंच, आणि गावच्या लेकराचं शिक्षण अडतं ते तिथेच. पहिला अर्ज शासकीय वसतिगृहाचा करा. तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार, आदिवासी मुलांसाठी स्वयम् आणि ओबीसी-व्हीजेएनटी मुलांसाठी आधार योजना आहे. स्वाधारमध्ये नागपूरसारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये, अमरावतीत 51,000, जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000 मिळतात. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. आपल्या पापळच्या भाऊसाहेबांचं, म्हणजे पंजाबरावांचं नाव या योजनेला आहे, आणि आपल्याच वऱ्हाडातली कितीतरी घरं ती मागत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. फी सवलतीचा अर्ज वेगळा आणि राहण्याच्या भत्त्याचा वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा आपोआप होत नाही.

आणखी एक वाट सहसा कुणी सांगत नाही. सोयाबीन निघाल्यावर अनेक बाप-माय यवतमाळ-नागपूरला बांधकामावर जातात. वर्षात 90 दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र असेल तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. मग मुलांच्या पदवीला वर्षाला 20,000, इंजिनिअरिंगला 60,000 आणि मेडिकलला 1 लाख रुपये मिळतात, पहिल्या दोन मुलांपर्यंत. ही नोंदणी चालू ठेवा, तिचं नूतनीकरण चुकवू नका.

बारावीला बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या 20 टक्क्यांत असाल, दुसरी कुठली शिष्यवृत्ती किंवा फी सवलत घेत नसाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर केंद्राच्या शिष्यवृत्तीला अर्ज करा. पदवीला वर्षाला 12,000 मिळतात.

अर्ज भरला म्हणजे पैसे आले, असं समजू नका. तुमचा अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथल्या लिपिकानं तो पुढे पाठवला तरच विभागाकडे पोहोचतो. म्हणून प्रिंट घेऊन कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर स्वतः द्या आणि पंधरवड्याला एकदा तरी पोर्टल उघडून पाहा. ‘सेंड बॅक’ दिसलं तर काय कमी आहे ते तिथेच लिहिलेलं असतं. ते लगेच दुरुस्त करून परत पाठवा, मुदत तुमच्यासाठी थांबत नाही.

मागच्या हिवाळ्यात एक मुलगी आली. “ताई, मंजूर झालं म्हणून दाखोते, पण खात्यात तं काईच नाई.” तिच्या हातात गावच्या बँकेचं पासबुक. मी आधारच्या साइटवर बँक सीडिंग, म्हणजे आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते पाहिलं, तर आधार दुसऱ्याच खात्याला जोडलेलं. नवं सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा लावून तिच्या नावे एक मोबाइल खातं उघडून दिलं होतं, तिला त्याचा पत्ताच नव्हता. सगळी रक्कम त्यात पडून होती. डीबीटीचा, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारा पैसा पासबुकातल्या नंबरावर जात नाही, आधारला शेवटी जोडलेल्या बँकेत जातो. आपलं सीडिंग कुठे आहे ते अर्जाआधीच पाहून घ्या. चुकीचं असेल तर बँकेत जाऊन डीबीटीसाठी आधार जोडण्याचा फॉर्म द्या. कुणी सिम किंवा रेशनच्या नावाखाली अंगठा मागितला तर कशासाठी, ते विचारा. आणि शिष्यवृत्ती काढून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

अनुसूचित जातीच्या मुलांनो, शिष्यवृत्तीतला केंद्राचा हिस्सा थेट तुमच्या खात्यात येतो, त्यात कॉलेजची फीही असते. ती रक्कम आली की लगेच कॉलेजात भरा आणि पावती जपा. घरची नड कितीही मोठी असली तरी त्या पैशाला हात लावू नका, नाहीतर कॉलेज टीसी आणि मार्कशीट अडवतं.

एवढं करूनही कमी पडलं तर शैक्षणिक कर्ज. बँकांच्या नेहमीच्या योजनेत 4 लाखांपर्यंत काही गहाण ठेवावं लागत नाही, वावराचा सातबारा मागितला तर कारण लेखी मागा. हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभरानं सुरू होतात. ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना आहे, देशात शिकायला 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर. पण तिच्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो आणि हप्ते वेळेवर भरलेले असावे लागतात.

दुसऱ्या वर्षी यातलं बरंचसं पुन्हा करायचं आहे. नूतनीकरण, नवा उत्पन्नाचा दाखला, मागच्या वर्षाची मार्कशीट, 75 टक्के हजेरी. युजर आयडी आणि पासवर्ड वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मोबाइल हरवला तरी वही घरात असते.