घरच्या बायबलमधल्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी कशा वाचायच्या आणि कशा जपायच्या

नगरकडच्या बऱ्याच जुन्या ख्रिस्ती घरांत एक जाडजूड बायबल असतं, रोजच्या वाचनातलं नाही, ते वेगळं, हे ट्रंकेत नाहीतर कपाटाच्या वरच्या फळीवर कापडात बांधून ठेवलेलं. पुठ्ठा सुटलेला, कडा कसरीने खाल्लेल्या, आणि पुढच्या कोऱ्या पानांवर कुणाचा जन्म कधी झाला, कुणाचं लग्न कुठल्या देवळात म्हणजे चर्चमध्ये लागलं, कोण कधी प्रभूवासी झालं हे सगळं लिहिलेलं. इंग्रजी बायबलांत तर जुन्या करारातलं शेवटचं पुस्तक मलाखी संपून नव्या करारातलं पहिलं मत्तय सुरू व्हायच्या मध्ये यासाठी छापील पानंच असायची, आपल्याकडे मात्र जिथे कोरी जागा दिसली तिथे लिहून टाकलेलं सापडतं, त्यामुळे शेवटचं पान आणि पुठ्ठ्याची आतली बाजूसुद्धा बघा.

आमच्याकडचं बायबल माझ्याकडे आलं तेव्हा मी पहिल्यांदा नावं शोधत बसले आणि तिथेच चुकले. नावं नंतर. आधी पान बघायचं.

म्हणजे काय तर पहिल्यांदा छापल्याचं साल शोधायचं, मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर पुढे किंवा मागे असतं. समजा तुमच्याकडे पंडिता रमाबाईंनी केलेलं भाषांतर आहे, ते केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९२४ ला छापून झालं, बाई स्वतः १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या होत्या. आता त्या बायबलात १८८७ चा जन्म लिहिलेला असेल तर तो १८८७ ला लिहिलेला असूच शकत नाही, बरोबर? कुणीतरी नंतर आठवून लिहिला किंवा आधीच्या कागदावरून उतरवून काढला. खोटा आहे असं नाही, पण आठवणीतली तारीख आणि त्याच आठवड्यात लिहिलेली तारीख यांत फरक असतो. मग शाई बघा, अक्षर बघा. सहा भावंडांचे जन्म एकाच शाईत, एकाच वळणात, सरळ एकाखाली एक असतील तर ते एका बैठकीत लिहिलेत. शाई बदलत गेलीय, एक ओळ गिचमिड, दुसरी टाकाने, पुढची चक्क पेन्सिलने, असं असेल तर खूश व्हा, ते त्या त्या वेळी लिहिलेलं आहे.

हे मी उगाच सांगत नाहीये, कायदासुद्धा हेच विचारतो. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२ मध्ये वंशावळ, कबरीवरचा दगड, घरातलं चित्र अशा ठिकाणी मेलेल्या माणसाने नातं लिहून ठेवलं असेल तर ते पुराव्यात घेता येतं असं होतं, फक्त वाद सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात हीच गोष्ट कलम २६ मध्ये आहे. तिकडे अमेरिकेत तर स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या विधवांनी पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा म्हणून बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली, ती आजही त्यांच्या सरकारी फाइलींत आहेत. तुम्ही फाडू नका, फोटो काढता येतो.

फोटोचं सांगते. पुस्तक पूर्ण उलगडून सपाट दाबायचं नाही, शिवण तुटते, दोन्ही बाजूला उशी किंवा दोन-तीन पुस्तकं लावून अर्धवट उघडं ठेवायचं. हातमोजे लागत नाहीत, मोज्यात पातळ पानाचा अंदाज येत नाही आणि पान फाटतं, हात धुवून कोरडे करा बास. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद. आधी मुखपृष्ठ, मग छापल्याचं साल, मग नोंदीचं अख्खं पान कडांसकट, आणि मग जवळून एकेक ओळ. शाई फिकी झाली असेल तर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून कॉन्ट्रास्ट वाढवा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं वर येतात. आणि आत काय काय ठेवलंय त्याचा फोटो जागेवरच काढा, झावळ्यांच्या रविवारचा वाळलेला क्रॉस, लग्नाचं कार्ड, तार, कुणाचा तरी पासपोर्ट साइझ फोटो, कारण ते कुठल्या पानात होतं हेही कधीकधी काहीतरी सांगतं. मग मात्र पाकिटात वेगळं ठेवा, वाळलेल्या पानाफुलांचे डाग कागदाला कायमचे लागतात.

आता वाचायचं. जसं लिहिलंय तसंच उतरवा, ऱ्हस्व-दीर्घ सुधारू नका, नाव आज आपण वेगळं लिहितो म्हणून बदलू नका. वाचता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह टाका. जुन्या हातात १ आणि ९ हमखास फसवतात, त्याच माणसाने दुसरीकडे ९ कसा काढलाय ते शोधून ताडून बघा. मोडीत असेल तर अंदाज लावत बसू नका, मोडी वाचणारं माणूस गाठा. ज. म्हणजे जन्म, बा. म्हणजे बाप्तिस्मा, आणि या दोघांची गल्लत सगळ्यात जास्त होते. मोठेपणी ख्रिस्ती झालेल्यांची बाप्तिस्म्याची तारीख अचूक असते आणि जन्माचं फक्त साल, तेही अंदाजे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात जी पोरकी मुलं मिशनमध्ये आली त्यातल्या कित्येकांना स्वतःचं गावसुद्धा धड सांगता येत नव्हतं, त्यांच्या नोंदीत 'सुमारे' लिहिलेलं असेल तर तो शब्द गाळू नका.

शके दिलं असेल तर ७८ मिळवा, पण पौष-माघ-फाल्गुनात बहुतेक वेळा ७९ मिळवावे लागतात कारण तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं. वार दिला असेल तर सोन्याहून पिवळं, त्या सालचं कॅलेंडर काढून जुळतो का बघा. कवी ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ चा, कॅलेंडर काढा, रविवार येतो. कुणी 'उत्तम शुक्रवारी', म्हणजे गुड फ्रायडेला, एवढंच लिहिलं असेल तर त्या सालचा ईस्टर कधी होता ते शोधलं की तारीख मिळाली.

पडताळायला कुठे जायचं? पहिलं मंडळीचं म्हणजे चर्चचं रजिस्टर, पाळकसाहेबांना (पास्टरना) आधी फोन करून, रविवारी उपासनेनंतरच्या गर्दीत नको. मग दफनभूमी. मग 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक, १८४२ पासूनचं आहे, जुने अंक मिळाले तर चाळून बघा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या पाठवलेल्या नकला आहेत, एन ३ या खुणेखाली. वसई-गोव्याकडच्या कॅथलिक घरांत बायबलातल्या नोंदीपेक्षा पॅरिशचं, म्हणजे तिथल्या चर्चचं, रजिस्टरच मुख्य, तिकडे सरळ तेच गाठा. शाळेच्या दाखल्यावर मात्र फार विसंबू नका, आपल्याकडे अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय! माझ्या आजोबांचीही दाखल्यावर १ जून आणि बायबलात डिसेंबरातली तारीख, वाढदिवस आयुष्यभर कधीच केला नाही म्हणून कुणाला कळलंच नव्हतं.

आणि एक, जी बाळं जगली नाहीत त्यांच्या ओळी सोडू नका. आमच्या पानावर १९१८ च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ चालू असताना, एक मुलगी आहे, अकरा दिवसांची. नाव आहे, बाप्तिस्मा नाही, दगड नाही, दुसऱ्या कुठल्याच कागदावर ती मला सापडली नाही.

जपायचं कसं. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही, लॅमिनेशन तर अजिबात नाही, आणि पुसट ओळीवरून पेन फिरवायचं नाही, आमच्या एका चुलतभावाने प्रेमाने बॉलपेनने गिरवून ठेवलं आणि ३ चा ८ केला, आता खरं काय ते कुणीच सांगू शकत नाही. धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून आडवं ठेवा, बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळ्यात ओल धरते. वाळवीसाठी महिन्या-दोन महिन्यांनी उघडून बघण्यासारखा उपाय नाही.

नवीन नोंद करायची असेल तर बायबलचा कागद पातळ, जेलपेन आरपार जातं, २बी पेन्सिल चांगली, किंवा अॅसिड-फ्री कागदावर लिहून तो आत ठेवा. सुनेचं माहेरचं नाव आणि गाव लिहा, आपल्याकडे लग्नात नाव बदललं की बाई दोन पिढ्यांनी सापडतच नाही. चुकलं तर खोडरबर नाही, एक रेघ मारून शेजारी बरोबर लिहा. शेवटी कुणी लिहिलं आणि कुठल्या तारखेला ते लिहा, ऐकीव असेल तर 'आत्याने सांगितल्यावरून' असं लिहा.

फोटो फॅमिली ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सअॅप दाबून टाकतं आणि मोठं करायला गेलं की अक्षरं फुटतात.